पुसलेली कोर : रत्नागिरी ते अंजनवेल

डॉक्टरबाईंनी तो फोटो खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला आणि विचारलं, "ही बाहुली कुणी रंगवली?" माझं सगळं त्या क्षणी बदललं. कॉलेज सोडलं तेव्हा काही बदललं नव्हतं, नुसती घरी बोलणी बसली होती. बदललं ते इथे, बापूंच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरसमोर.

फोटो समोरून पाहिला तर मुलाच्या डोळ्यात छान काळीभोर बाहुली. तिरका धरला की त्या चकचकीत कागदावर तेवढाच एक ठिपका निस्तेज दिसायचा. शाई सुकलेली. बापू पासपोर्टचे फोटो कापता कापता थांबले. मागच्या पडद्याआडून बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

"मी," मी म्हणालो. "मीच रंगवली."

हे खोटं होतं. पण का बोललो ते कळायला आधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा हा प्रवास म्हणजे तुम्हाला हेदवीचं देऊळ आणि गुहागरचा समुद्र एवढाच वाटेल.

डॉक्टरबाई मूळच्या इकडच्या, डोळ्यांची शस्त्रक्रिया करतात मुंबईत. लहान मुलांचा मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवतात. असं भिंग बसवलेल्या पोराचा नंबर मोजायचा तर बॅटरीचा झोत डोळ्यात धरावा लागतो आणि पोर रडून दवाखाना डोक्यावर घेतं. फोटोला मात्र तेच पोर मुकाट बसतं. म्हणून बाईंनी एक जुगाड केला होता. लांब नळीचा कॅमेरा, भिंगाच्या अगदी खाली चिकटवलेला फ्लॅश, त्यावर अर्धा काळा पुठ्ठा. अंधाऱ्या खोलीत, सुतळीने मापलेल्या अंतरावर मूल बसवायचं आणि फोटो काढायचा. फ्लॅशचा उजेड डोळ्यात जातो, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परत येतो. नंबर नसेल तर बाहुली काळीच येते. असेल तर बाहुलीत उजेडाची कोर उमटते, बीजेच्या चंद्रासारखी. कोर जेवढी रुंद तेवढा नंबर मोठा. वर आहे की खाली, त्यावरून कसला नंबर ते कळतं. कृत्रिम भिंगाची स्वतःची एक बारीक चांदणी चमकते, तिला मात्र कोर समजायचं नाही. हे मला बाईंनी दोन दुपारींत शिकवलं. दुसऱ्या वर्षाला भिंगांच्याच धड्यावरून सरांशी भांडून वर्गाबाहेर पडलो होतो, आणि जे तिथे शिरलं नाही ते इथे शिरलं.

वैशाखात मी बाईंबरोबर हिंडून फोटो काढले. रोल स्टुडिओत धुतले, छापले, बापूंनी टपालाने मुंबईला पाठवले. पाठवण्याआधी ते फिनिशिंगला शैलाकडे गेले.

शैला म्हणजे बापूंची मुलगी. फिनिशिंग म्हणजे बारीक ब्रशने फोटोवरचे पांढरे डाग शाईने भरणं. आमच्या धंद्यात यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे "डोळे काळे करणं". फ्लॅशने कधी कधी बाहुली पांढरी येते. मुलगी दाखवण्याचा फोटो तसा गेला तर मुलाकडचे म्हणतात, मांजरडोळी आहे, आणि फोटो परत. इथे निम्मं गाव घाऱ्या डोळ्यांचं, तरी फोटोत सगळ्यांना काळेच हवेत. शैलाने काळा केलेला डोळा कुणाला ओळखता येत नाही. किती लग्नं तिच्या ब्रशने जमली असतील, देव जाणे. आणि मी कॉलेज सोडून या स्टुडिओत पडेल ते काम करतो, त्याचं कारणही तोच ब्रश धरणारा हात. सांगून टाकलं.

तर तिने त्या मुलांचे डोळेही काळे केले. बाईंना मुंबईत सगळ्या बाहुल्या काळ्या मिळाल्या. त्यांनी घरोघर कार्ड टाकलं : डोळ्याला नंबर नाही, चष्मा तूर्त नको.

आता बाई शिबिरासाठी रत्नागिरीत आल्या होत्या. निगेटिव्ह पाहायला मागितल्या, तर पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झालेला. "बाकीची मुलं इथे शिबिरात येतील," त्या म्हणाल्या. "तीन घरं लांबची आहेत. अलोरे, हेदवी, अंजनवेल. तू जायचंस. मी मुंबईला निघायच्या आत नवे फोटो माझ्या हातात पाहिजेत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता आणि सोपं गेलं असतं.

अलोरे

पहाटेच्या चिपळूण गाडीने निघालो. तुम्ही जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, सकाळचं ऊन दुसऱ्या बाजूला येतं. मांडीवर कॅमेऱ्याची लाकडी पेटी.

"पेटीत काय पोरगी पळवून नेतोयस काय?" कंडक्टर म्हणाला. "अर्धं तिकीट फाडू तिचं?"

"फाडा की. सरकारचं भलं करा."

"तोंड बघ ह्याचं! सकाळी सकाळी मिरची खाऊन आलास वाटतं."

निवळीचा घाट, संगमेश्वरला थांबा, तिथे चहा आणि गरम भजी. चहा बरा, भजी आदल्या दिवशीच्या तेलातली. दोन्ही बाजूंना भात कापून आडवं पडलेलं, कुठे कुठे झोडणी चाललेली. एरवी मला हा रस्ता आवडतो. त्या दिवशी मी मनात एकच सिनेमा पुन्हा पुन्हा चालवत होतो : मी परत येतो, शैलाला सांगतो, तुझी चूक मी माझ्यावर घेतली, आणि ती वर बघते. एवढाच सिनेमा. चिपळूणला उतरल्यावर बाजारपेठेत रंगसाहित्याच्या दुकानात गेलो आणि तिच्यासाठी सगळ्यात बारीक केसांचा ब्रश घेतला. दुकानदार म्हणाला, "याने काय मुंगीला काजळ घालणार?" ब्रश खिशाला लावला, अलोऱ्यावरून जाणाऱ्या पोफळीच्या गाडीत बसलो.

अलोऱ्याची कॉलनी कोयनेच्या प्रकल्पाची. सरळ रेषेत सरकारी घरं, प्रत्येकापुढे तेवढंच अंगण, तेवढीच जास्वंद. नितीनचे वडील वायरमन. नितीनच्या डोळ्यात शेजारच्या पोराने हिराचा बाण मारला होता. हीर म्हणजे नारळाच्या पातीची काडी, खराट्याची. त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला म्हणून भिंग. मी पोचलो आणि वीज गेली.

"अख्ख्या महाराष्ट्राला वीज देतो आम्ही," वायरमन म्हणाले, "आमच्याकडे नसते."

"बरंच झालं, मला अंधारच हवाय."

"पण पुन्हा कशाला फोटो? कार्ड आलंय की, नंबर नाही म्हणून. आधीचे जळले की काय?"

"खराब झाले."

"म्हणजे तुमच्याच हातून."

मी पेटीतून सुतळी काढली. या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि तो बरोबर बोलत होता म्हणून जास्तच वाटलं. फोटो काढले. नितीन शहाण्यासारखा बसला आणि शेवटी म्हणाला, "दादा, आता मला बाण मारायला परवानगी मिळेल?" आईने पाठीत धपाटा घातला. मी मात्र हसलो. तोपर्यंत मला वाटत होतं, प्रकरण एवढ्यावर निभावेल.

हेदवी

रात्र चिपळुणात काढली. सकाळी गुहागर, तिथून हेदवीची गाडी. गुहागरला एसटी स्टँडाजवळ खानावळीत जेवून घ्या. आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी मागाल तेवढी. पुढे काही मिळेलच असं नाही. हेदवीला दशभुजा गणपतीचं देऊळ उंचावर आहे, शांत आहे, पायऱ्या चढताना पेटी जड वाटली. हात जोडले. मागायचं काय ते ठरेना म्हणून तसाच उतरलो.

मुलाचं घर वाडीच्या टोकाला. दाराला कुलूप. शेजारची बाई अंगणात भात झोडत होती.

"कोण पायजे?"

"इथला छोटा मुलगा. डोळ्याचं ऑपरेशन झालेला."

"गेली ती. मुंबयला गेली समदी, बापसाकडं. गणपती झालं नि गेली."

"पत्ता आहे का?"

"बापूस गिरणीत हाय. खंयची गिरण ती त्येंनाच ठावं." ती भाताचा भारा आपटत राहिली. "डोळ्यासाठनं थांबलीवती ती हितं. डाकतरनीचं कार्ड आलं, डोळा बरा हाय, मंग थांबून काय करतील? तुमी कोण?"

"फोटोवाला."

"मंग कुलपाचा काडा फोटू," ती म्हणाली आणि हसली. वाईट मनाने नव्हे. मी खरंच क्षणभर त्या कुलपाकडे बघत राहिलो. त्या पोराच्या डोळ्यात कोर होती की नव्हती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. मुंबईत गिरण्या किती आणि चाळी किती. बामणघळ जवळ आहे, भरतीच्या वेळी लाट कातळातल्या चिरेत घुसून उंच उडते, बघण्यासारखी असते म्हणतात. मी गेलो नाही. तुम्ही जा.

अंजनवेल

तिसऱ्या दिवशी अंजनवेल. गुहागरहून गाडी आहे, तिचा भरवसा धरू नका. मी निम्मी वाट चाललो. खाडीच्या तोंडावर गाव, पलीकडे दाभोळ, वर गोपाळगडाची तटबंदी आणि पुढे टोकाला दीपगृह. किल्ल्यात आता आंब्याची झाडं आहेत, आत जायचं तर राखण्याला विचारा.

जुबैदा पाच वर्षांची. एका डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू होता. तो काढून भिंग बसवलं. वडील मस्कतला, घरात आई आणि आजोबा. आजोबा आयुष्यभर बोटीवर सारंग होते, खलाश्यांचे मुकादम. वैशाखात आलो होतो तेव्हा त्यांनी मला फणस फोडून दिला होता. या वेळीही पायरीवरून हाक मारली, "ये बाबा, ये! फोटोवाला आला, जुबैदा, चल!"

आईने चहा केला. मी खिडक्यांना चादरी लावल्या, सुतळी ताणली. जुबैदा स्टुलावर बसली. ती वैशाखात बसली होती तशी बसली नाही. मान एका बाजूला वळवून बसली, चांगला डोळा पुढे करून. सरळ केली तरी पुन्हा वळवायची.

"अशीच बसते आता," आई म्हणाली. "सवय लागली तिला."

माझ्या खिशात ब्रश होता. तिने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून मी तो काढला आणि नळीवर धरून हलवला. केसांचं टोक फ्लॅशवरच्या बारीक दिव्यात चमकलं. ती बघायला लागली, खुदकन हसली. फोटो झाले. मग काय वाटलं कोण जाणे, एक चादर बाजूला सारून, बाई करायच्या तसं मी तिचा चांगला डोळा तळहाताने झाकला आणि ब्रश तिच्यापुढे धरला.

"घे."

तिने हात पुढे केला. ब्रश जिथे होता त्याच्या कितीतरी अलीकडे मूठ मिटली. पुन्हा उघडली, बाजूला चाचपली. मी ब्रश हलवला नव्हता. हसायची थांबली आणि दोन्ही हातांनी माझा तळहात ओढून काढायला लागली.

"अम्मी, ह्याने दिवा घालवला."

मी उरलेल्या चादरी काढल्या. आजोबा दारात उभे होते, बाहेर दीपगृहाकडे तोंड करून.

"मला ठाऊक होता," ते म्हणाले. "पावसाच्या आधी तिला बाहेर घेऊन बसायचो. हाताने एक डोळा झाकायचो. त्या बत्तीवर चढतो ना माणूस रंग द्यायला, तो दिसतो का, विचारायचो. दिसत नसे. मी म्हटला सुनेला, डोळा कामातून जातोय, चल मुंबईला. तिने कार्ड दाखवला. डॉक्टरनीचा कार्ड! नंबर नाय, चष्मा नको. मी म्हटला, मी अडाणी खलाशी, माझाच डोकं फिरला. तेव्हापासून झाकणं सोडला."

"कार्ड चुकीचं होतं," मी म्हणालो.

ते माझ्याकडे वळले. "कुणाचा चूक?"

मी तीन दिवस ते वाक्य तयार ठेवलं होतं. मीच रंगवली. डॉक्टरबाईंसमोर किती ऐटीत बोललो होतो. आता तोंडातून येईना. शैलाला वाचवण्यासाठी या म्हाताऱ्याला आणखी एक काळा केलेला फोटो देण्यासारखं होतं ते.

"आमच्या स्टुडिओत," मी म्हणालो. "फोटोतल्या डोळ्यात उजेडाची कोर आली होती. तीच बघायची असते. आमच्याकडे डाग समजून भरली."

"डाग," ते म्हणाले. आईने जुबैदाला मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता शिव्या पडतील. मला शिव्या हव्या होत्या, त्यांना उत्तर देता येतं. पण त्यांनी विचारलं, "जेवून जाशील ना? चिपळूणची लाँच सुटायला वेळ हाय."

जेवलो. तांदळाची भाकरी, तळलेले बांगडे. निघताना जुबैदा ब्रश सोडेना. आईने मूठ उघडायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, राहू दे तिला.

परत

अंजनवेलहून परतीसाठी लाँच चुकवू नका असं मी लिहिणार होतो, पण मी ती चुकवली आणि रस्त्यानेच आलो. रत्नागिरीला पोचलो तो थेट स्टुडिओत. बापू बाहेरगावी होते. रोल मीच धुतला, मीच छापला. डेव्हलपरच्या ताटलीत कागद हलवताना आधी गाल आले, मग भुवया, मग डोळे. नितीनच्या बाहुलीत खाली पुसट रेघेएवढी कोर. जुबैदाच्या चांगल्या डोळ्याची बाहुली काळी. भिंगाच्या डोळ्यात एक चांदणी, आणि तिच्याखाली खोबऱ्याच्या कातळीएवढी जाड पांढरी कोर. फिजिक्सच्या कुठल्याही परीक्षेत मला एवढं स्पष्ट उत्तर कधी दिसलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तो फोटो बराच वेळ धरला. तिरकाही धरून पाहिला.

"हा डोळा झोपलाय," त्या म्हणाल्या. "समोरचं धूसर दिसतं म्हटल्यावर मेंदूने याच्याकडे लक्ष देणं सोडलं. चष्मा देऊ. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधू. बघू."

"उठेल?"

"वैशाखात विचारलं असतंस तर हो म्हणाले असते." मग चष्मा काढून डोळे चोळले. "आणि मी काय केलं? नवं यंत्र, त्याचं कौतुक. एकदा बॅटरीने बघायला हवं होतं मी. पट्टी कुणीतरी रोज बांधली पाहिजे. दर महिन्याला कुणीतरी जाऊन फोटो काढून मला पाठवला पाहिजे."

"मी जाईन."

"तू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्याने रंगवल्या तो?"

"मी रंगवल्या नाहीत."

"मग कुणी?"

"ती सांगेल," मी म्हणालो.

त्यांनी कॅमेऱ्याची पेटी माझ्याकडे सरकवली.

या प्रवासाचं काय राहिलं, असं विचाराल तर हेदवीचं कुलूप राहिलं. रिकाम्या हवेत मिटलेली एक मूठ राहिली. समुद्र आठवत नाही.

शैला डार्करूममध्ये होती. आमच्याकडे आत शिरण्याआधी "दार!" असं ओरडायचा नियम, म्हणजे आतला कागद झाकून घेतो. मी ओरडलो. "ये," ती म्हणाली. लाल उजेडात तिचा चेहरा नेहमीसारखाच सुंदर दिसत होता, आणि मला त्याचा राग आला. सगळं सांगितलं. कुलूप, मान वळवून बसणं, मूठ, आजोबा. ती ऐकत होती. हातातली ताटली हलायची थांबली होती.

"मला काय माहीत, तो उजेड ठेवायचा असतो?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुझे फोटो बिघडले. असे गेले असते तर बाईंनी परत पाठवले असते, बापूंनी तुला काढून टाकलं असतं. तुझ्यासाठी रात्री जागून केले रे."

हेच ऐकायला मी वर्षभर त्या स्टुडिओत झाडू मारला होता. आणि आता ऐकलं ते असं.

"चूक नाही म्हणत तुझी," मी म्हणालो. "पण बाईंना जाऊन सांग. उद्या निघणार त्या. एवढंच. म्हणजे पुन्हा कुणाकडून असं होणार नाही."

"पण तू तर तुझं नाव सांगितलंस."

"ते खोटं होतं."

"मग राहू दे ना खोटं!" तिने माझ्या दंडाला हात लावला. पहिल्यांदाच. "तुझं काय जातंय? तू कॉलेज सोडलेला, तुला सगळे तसेही बोलतात. माझा फोटो सांगलीला गेलाय, मुलाकडच्यांना पसंत आहे. आता स्टुडिओचं, माझं असं काही बाहेर आलं तर? बापू काय म्हणतील? माझ्यासाठी एवढं नाही करणार?"

तीन दिवसांपूर्वी केलं असतं. न विचारता केलं होतं.

"आणि जुबैदा?"

तिने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले.

"कोण जुबैदा?"

तिने नवा कागद काढला, लाल उजेडात पांढरा दिसणारा, अजून काहीच न उमटलेला.

"दार नीट लाव हं," ती म्हणाली. "उजेड आला तर वाया जाईल."

मी पेटी उचलली, बाहेर आलो आणि दार लावलं.